एक तारा देणाऱ्या गृहस्थांस

रा. रा. शेजारी महाशय यांस,


परवा भर पावसात, बोईसर-तारापूर रस्त्यावरील खड्ड्यात स्कूटर घसरून गुडघा फुटला असताही जो पोरगा आपले जेवण घेऊन आपल्या फाटकाशी हजर झाला, त्यास आपण विलंबाबद्दल व सांडलेल्या डाळीबद्दल ॲपवर एक तारा बहाल केलात, पैसे परत वसूल केलेत, आणि वर ‘त्याला कोणी बळजबरी केली होती का?’ एवढ्या एका वाक्यात मुक्त अर्थव्यवस्थेचे सार सांगितलेत, त्याबद्दल आपले अभिनंदन करावे तेवढे थोडेच.

आपला युक्तिवाद बिनतोड आहे. घरी बसून उपाशी राहण्याचे स्वातंत्र्य त्याला होतेच. जखम धुण्याआधी त्याने उलटलेल्या डब्याचा फोटो कंपनीला धाडला; थोड्याच वेळात मोबाइलवर त्याची आयडी बंद झाल्याचे फर्मान उमटले. जुन्या मुकादमाच्या दारात निदान शिव्या तरी देता येत. ह्या फर्मानाखाली ना सही, ना शिक्का, ना दाद मागण्यास कचेरी.

आपण ॲडम स्मिथच्या ग्रंथाचा हवाला देता. मालक लोक मजुरी वाढू नये म्हणून सदैव मूक संगनमत करून असतात, हेही त्यानेच 1776 च्या त्याच ग्रंथात लिहून ठेवले आहे. ते पान आपल्या प्रतीत नसावे. 1945 साली ह्याच मुलखातील वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मागितले, तेव्हा बाजाराने तो दर आपखुशीने दिला नाही. गवत उभे ठेवून संप करावा लागला, आणि तलवाड्यास गोळ्या खाव्या लागल्या.

तारापूरच्या वसाहतीतील रसायने सातासमुद्रापार बेधडक जातात. ती पिंपे भरणाऱ्या ठेक्यावरील मजुरास मात्र तीच सीमा ओलांडण्यास व्हिसा लागतो. मालाला मोकळीक, माणसाला अटकाव! हा कुठला मुक्त बाजार?

पण हे तत्त्वज्ञान राहू द्या. रक्त दिसत होते हो! आणि आपण आधी डाळ पाहिलीत!

इतके लिहून लेखणी थबकते, कारण आपली स्वतःची नोकरीही आता कारखान्याच्या पटावर नसून एजन्सीच्या सालोसाल करारावर आहे, आणि मार्च जवळ आला की फोन वाजताच आपण जिना उतरून खाली जाऊन हळू आवाजात बोलता, हे मला ठाऊक आहे. उद्या ते नूतनीकरण न झाल्यास कामगार आयुक्तांच्या नावे आपला अर्ज मी लिहून देईन. अर्जनविशीचा दर मात्र बाजारावर सोडणार नाही, फुकट लिहीन.

आपला,
वरच्या मजल्यावरील एक निवृत्त कारकून