पात्रता परीक्षेची पात्रता

अमेरिकेतल्या अनेक जैवसांख्यिकी विभागांत पीएच.डी.चा विद्यार्थी संशोधनाला लायक आहे का, हे पुस्तकं मिटून द्यायची सिद्धांताची परीक्षा ठरवते. त्या परीक्षेतली आकडेवारी सोवळ्यातली: एक रकाना रिकामा नाही, एक नोंद चुकलेली नाही. ड्यूक विद्यापीठातल्या कर्करोग-संशोधनाची आकडेवारी इतकी सुसंस्कृत नव्हती. जनुकांची यादी एका ओळीनं सरकलेली, औषध लागू पडणारे आणि न पडणारे नमुने यांची लेबलं उलटलेली, हे जैवसांख्यिकीतज्ज्ञ कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी २००९ मध्ये दाखवलं. तोवर त्याच आधारावर रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या! ही चूक पकडायला अवघड प्रमेय लागत नव्हतं; लागत होता संशय, आणि त्याला पेपरात गुण नाहीत.

सिद्धांत कच्चा राहिला तर सॉफ्टवेअरची बटणं दाबणारे कारकून तयार होतील, हा आक्षेप खरा आहे. तर सिद्धांत जरूर विचारा. सोबत आकडेवारीची एक गबाळी फाइल, दोन आठवडे आणि निष्कर्ष आधीच ठरवून बसलेला एक उतावळा डॉक्टरही द्या. काही विभाग घरी सोडवायचा पेपर देतात, पण फाइल बहुधा धुऊनपुसून. असं उत्तर तपासायला वेळ लागतो, गुणांवरून वाद होतात, ही प्राध्यापकांची तक्रार. तपासण्याची सोय हाच निकष असेल, तर शुद्धलेखन घालावं. ते आणखी लवकर तपासून होतं.