बागेतला खुनी सापडला हो!

अहो, ऐकलंत का? बागेतल्या झाडांचा निकाल लागला! दोरीवरचे कपडे राहू द्या, आधी इकडे या.

दिवाळीपासून कडुनिंबांचे शेंडे कसे तांबूस पडलेत, बघताय ना. मोहटादेवीच्या देवळात तर जो तो डिटेक्टिव्ह! कुणी म्हणे कंपन्यांचा धूर, कुणी म्हणे बोअरचं पाणी. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या काकू? त्यांनी सरळ सोलरवाल्यांकडे बोट दाखवलं. "पॅनलवर सावली येते ना, म्हणून रात्री ॲसिड ओततात!" बाटली म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. फिनेलची निघाली ती... जाऊ द्या.

तर काय सांगत होते, रविवारी आमच्या वरच्या वहिनींची भाची आलेली. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकते, एवढीशी पोर. सगळ्यांसमोर तिने फांदी वाकवली. कोवळ्या देठावर तपकिरी चट्टे, टोकाची पानं करपलेली. जरा खाली नखाने साल खरवडली, तर आत हिरवंगार! म्हणाली, "मुळाशी ॲसिड ओतलं असतं तर नुसते शेंडे कसे वाळले असते? हा शेंडेमर रोग आहे. ढेकण्या किडा कोवळ्या फुटव्याचा रस शोषतो, मग त्यावर बुरशी धरते." 2021 साली तेलंगणात असेच निंब करपले होते म्हणे, रस्तेच्या रस्ते. मोठं झाड सहसा मरत नाही. वाळके शेंडे छाटून जाळायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा पालवी. म्हणजे पाडव्याच्या पाल्याची काळजी मिटली!

आणि गंमत सांगू? सोलरवाल्यांच्या स्वतःच्या दारातला निंबही तस्साच करपलाय. आता स्वतःच्या झाडाला कोण ॲसिड घालेल? ते काही बोलले नाहीत हो, नुसते हाताची घडी घालून काकूंकडे बघत राहिले. काकू आपल्या पदर सारखा करतायत...

पण खरी मजा पुढेच. ती पोर वळली गुलमोहराकडे. मागच्या पावसात त्याचा जोडीदार आडवा झाला, आठवतं ना? सगळे म्हणाले वादळाने पडला. ती खाली बसली नि म्हणाली, "निंब जगतील, मरतोय तो हा." बघतो तर काय, बुंध्याला खेटून पेव्हर ब्लॉक, वर सिमेंटचा कट्टा. खोड फुगून सिमेंटात रुतलंय, एका बाजूला साल फाटून डिंक ओघळलाय. पावसाचं पाणी थेट गटारात, मुळांना ना ओल ना हवा. वर पानं हिरवी, म्हणून आपल्याला कुणाला पत्ताच नाही! हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिलाय म्हणे, बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा म्हणून. आणि इथे बोटभर जागा नाही.

मग सोलरवाल्यांनी तोंड उघडलं. अगदी गोड आवाजात हं. "ब्लॉकच्या अर्जावर पहिली सही कुणाची होती हो?"

अगंबाई! काकूंचा चेहरा असा खर्रकन उतरला! हळदीकुंकवाला येताना चिखलाने साड्या खराब होतात म्हणून घरोघर फिरून सह्या कुणी गोळा केल्या, ते सगळ्या गल्लीला माहीत. "मी आपली सगळ्यांच्या सोयीसाठी..." एवढंच म्हणाल्या. वहिनींनी माझा हात असा दाबला, हसू आवरेना!

आता बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढायचा अर्ज तयार आहे. रविवारी काकूंचा चष्मा नेमका घरी राहिला, म्हणून सही राहिली. पण गुरुवारी मार्गशीर्षाच्या उद्यापनाला त्या येणारच ना, आणि पोथी वाचायची म्हणजे चष्मा लागणारच! मी पेन घेऊन शेजारीच बसणारे. तुम्ही लवकर या हो, पुढची जागा धरून ठेवते.