मांजरीकरांसाठी जलशुद्धी : आधी यंत्र, मग चौकशी

पाणी शुद्ध करायचे तर आधी यंत्र घ्यावे. पाणी येते कुठून, ही चौकशी हप्ते सुरू झाल्यावर सावकाश करता येते. मांजरीत ही शिस्त विशेष उपयोगी. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण सोसायटीच्या टाकीत आज नळाचे, उद्या बोअरचे, परवा टँकरचे पाणी पडू शकते आणि तिन्हींवर इलाज मात्र वेगवेगळा लागतो. तेवढा विचार करत बसण्यापेक्षा विक्रेत्याला घरी बोलवावे. तो ओट्यावर दोन ग्लास मांडतो, दोन्हींत विजेच्या कांड्या सोडतो. दोन मिनिटांत आपल्या ग्लासात तपकिरी गाळ दाटतो, त्याच्या यंत्राच्या पाण्याचा नितळ राहतो आणि मंडळी हादरतात. तो गाळ कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजते. यंत्राच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकले तर तोही तसाच गढुळेल, पण पाहुण्याला असे लाजवू नये.

कोणी म्हणेल, टीडीएस मीटर तर खोटे बोलत नाही. खरे आहे, पण तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा (म्हणजेच टीडीएसचा) अंदाज देतो. जंतू त्याच्या खिजगणतीत नसतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅम टीडीएस चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. खडकवासला धरणाचे पाणी ५०० च्या बरेच खाली असते. त्याला क्षार गाळणारे आरओ यंत्र लावणे म्हणजे टकल्याला कंगवा. बोअरमध्ये नायट्रेट जास्त असेल तर मात्र आरओ कामाचा, कारण पाणी उकळून आटवले की नायट्रेट उलट दाट होते. जंतूंचे नेमके याच्या उलट. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यातल्या कॅम्पायलोबॅक्टर या जंतूवर गेला. मीटरला तो दिसत नाही आणि खळखळून उकळलेल्या पाण्यात टिकत नाही. गॅस जातो ही तक्रार रास्त. मग मेडिक्लोर हे क्लोरीनचे औषध टाकून पाणी अर्धा तास झाकून ठेवावे. त्याला वास येतो म्हणाल, तर तो वास म्हणजे क्लोरीन अजून पहाऱ्यावर असल्याची खूण.

तरीही यंत्र घेतलेच असेल, तर सिंकमध्ये सोडलेल्या बारीक नळीकडे पाहू नये. एक लिटर गाळताना तिच्यातून दोन-तीन लिटर वाहून जाते आणि टँकरवाल्याने त्याचेही पैसे घेतलेले असतात. शेवटची पायरी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देण्याची. नायट्रेट, कठीणपणा आणि कोलिफॉर्म एवढे तपासून घ्यावे आणि अहवाल न उघडता वॉरंटी कार्डाच्या पिशवीत सारावा.