जीसीसीचा शेरा

२०१४ साली अवतरलेल्या आणि जून २०२४ अखेर निवृत्त झालेल्या सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीच्या दफ्तरात जीसीसी ४.८ हाच कंपायलर मुखत्यार असल्यामुळे, तेथे पायथन ३.८ चा इंटरप्रिटर मूळ संहितेपासून सिद्ध करू पाहणाऱ्याने कॉन्फिगरच्या आज्ञेस ‘एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ ही वेगवर्धनाची पुरवणी जोडली, की हे वयोवृद्ध कारकून पडदाभर कार्यवाहीचा देखावा करून, ‘रनपाय मॉड्यूल आयात करता आले नाही’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल करतात. संहिता निर्दोष, यंत्र धडधाकट. अपराध काय तो अर्जदाराच्या महत्त्वाकांक्षेचा! पुरवणी मुकाट्याने मागे घेतल्यास तोच इंटरप्रिटर बिनतक्रार जन्मास येतो, किंचित मंद परंतु कायदेशीर. पुरवणीही मंजूर व्हावी म्हणून नव्या दमाचा जीसीसी ८ नेमावा, तर व्यवस्थापनाचे उत्तर तयारच असते: सर्व्हर सुरळीत चालू आहे, तूर्त हात लावू नये.