मफलर, मिरची आणि सातपायरी

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून चढत जाणारा नंदुरबार जिल्हा थंडीत काय करतो, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला सहसा पडत नाही. खान्देश म्हणजे ऊन, इथेच त्याचा भूगोल संपतो. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की याच जिल्ह्यात, सातपुड्यातल्या डाब गावी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. शहाद्याच्या हौशी सायकलवाल्याची गोधडीबाहेर पडण्याची इच्छाही साधारण त्याच सुमारास गोठते.

यावर त्याने उपाय काढलेला असतो. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'उद्या तोरणमाळ, पहाटे साडेपाच' असं टाकून द्यायचं. चार जणांनी अंगठे उठवले की माघारीचा रस्ता बंद! अब्रूची भीती थर्मलपेक्षा ऊबदार असते, आणि तिला धुवावंही लागत नाही.

मग निघण्याची तयारी. कानटोपी, तिच्यावर मफलर, बनियन, स्वेटर, जाकीट. घरचे कौतुकाने बघतात, कारण माणूस सायकलवर नव्हे, सियाचीनला निघालेला दिसतो. चूक इथेच होते. पेडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातली जेमतेम पाव चाकाला मिळते. बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. म्हणजे स्वार ही चालती शेगडीच. दारातून निघताना ज्याला थोडं कुडकुडायला होतं, त्याचे कपडे बरोबर असतात. ज्याला दारातच मस्त वाटतं, तो गाव संपेपर्यंत घामाने भिजतो आणि पहिल्या चहाला थांबला की तोच घाम त्याला गारठवतो. एवढं बांधून निघालेल्याला वाटेत कुणीतरी 'कथा जाई ऱ्हायना भो?' विचारतंच. 'तोरणमाळ' हे उत्तर मफलरमधून बाहेर येईपर्यंत विचारणारा पुढे गेलेला असतो.

नंदुरबार शहरातून निघणाऱ्याची नाकाकानाची सोय मात्र परस्पर होते. थंडी हाच इथला मिरचीचा हंगाम. शहराबाहेर मोकळ्या जागेत लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. वारा तिकडून आला की डोळे, नाक आणि घसा एकदमच जागे होतात. इतका फुकट आणि इतका खात्रीचा गजर दुसऱ्या जिल्ह्यात मिळणं कठीण.

खरी परीक्षा तोरणमाळची. उंची अकराशे मीटरहून जास्त, शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, आणि शेवटी सातपायरी घाटाची वळणं. चढताना जाकीट कमरेला, मफलर खिशात, तोंडात सातपुड्याविषयी न छापण्यासारखे शब्द. यशवंत तलावाशी फोटो निघेपर्यंत सगळं झकास. उतरताना मात्र पाय थांबतात, शेगडी विझते आणि वारा वसुलीला येतो. हवा १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरने उतरलं, तर अंगाला ती ६ अंशांसारखी लागते. युरोपातले शर्यतवाले अशा उताराआधी जर्सीत छातीवर वर्तमानपत्र कोंबत. कागद वारा अडवतो. युक्ती नंदुरबारलाही चालते. 'थंडीचा कडाका वाढला' हीच बातमी छातीशी आली, तर संपादकांचेही आभार मानावेत.

हातमोज्यांवर मात्र काटकसर नको. १९८० च्या लीज-बास्तोन-लीज शर्यतीत बर्फ पडत असताना फ्रान्सचा बर्नार्ड इनो जिंकला. शेवटपर्यंत पोहोचले फक्त २१ जण. त्या दिवसाने इनोच्या बोटांना केलेली इजा पुढे कायमची राहिली.

हे सगळं हौशी मंडळींचं. जिल्ह्यात याच पहाटे दुसरेही सायकलवाले निघतात, आणि त्यांना ग्रुप लागत नाही. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. शाळा सकाळची असेल, तर थंडी बाजूला ठेवून निघावंच लागतं. हातमोजे नसले की स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून हँडल धरायचं. हजेरी आणि उशिरा येणाऱ्यांकडे बघणारे सर, एवढी प्रेरणा पुरते. मैत्रीण डबलसीट असेल, तर सर्वांत जास्त थंडी तिलाच वाजते, कारण ती पेडल मारत नाही. चढ लागला की चालवणारी दमते आणि कॅरिअरवरची कुडकुडत म्हणते, "उतर गं, आता मी चालवते." हौशी मंडळींच्या ग्रुपवर चढाच्या पायथ्याशी असं वाक्य कुणी टाकल्याचं ऐकिवात नाही.