पन्नासच्या नोटेवरची बाई

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या. आधी भिशीचे पैसे घ्या, नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जातील. मोजा बरं. आणि ही पन्नासची पिवळी नोट बघा. इतकी वर्षं पर्थमध्ये काढली आपण, पण हिच्यावरची बाई कोण, कधी विचारलंत? ईडिथ कोवन. इथलीच हो! किंग्ज पार्कच्या तोंडाशी ते घड्याळ आहे ना, तेही तिच्याच नावाचं.

१९२१ची गोष्ट. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या विधानसभेची निवडणूक. इथल्या गोऱ्या बायकांना मत १८९९पासून होतं, पण उभं राहायची सोय नाही. म्हणजे पंगतीत वाढायचं, पाटावर बसायचं नाही. ती अडचण १९२०मध्ये गेली. विधेयक कुणी आणलं? अ‍ॅटर्नी जनरल ड्रेपरसाहेबांनी. आणि वेस्ट पर्थमध्ये त्यांच्यासमोर उभं कोण राहिलं? हीच! बरं, दोघं एकाच पक्षाचे. पडले हो बिचारे. फक्त ४६ मतांनी! आपल्या गणपतीत मोदकांच्या रांगेत याहून जास्त माणसं असतात.

हसताय काय? मला तर वाईट वाटतं त्यांचं. पण पुढे न्यायाधीश झाले, तेव्हा तसं काही अडलं नाही.

ती तेव्हा ५९ वर्षांची. पाच मुलं वाढवून झालेली, नवरा कोर्टात मॅजिस्ट्रेट राहिलेला. त्या नवऱ्याच्या बहिणींच्याच शाळेत ती शिकली होती म्हणे. म्हणजे बाईंची वहिनी झाली की!

आता हे हळू सांगते. आई गेली तेव्हा ही सात वर्षांची. बापाने दुसरं लग्न केलं, त्या बायकोचा खून केला आणि १८७६मध्ये फासावर गेला. पोर चौदाची. अशा घरातली मुलगी आपल्याकडे कुणी सून करून घेतली असती का? खरं सांगा.

निवडून गेल्यावर तिने काय काढलं माहितीये? बाबागाडी! आगगाडीतून बाबागाडी न्यायची तर वेगळे पैसे मोजावे लागत. ते मुलाला कडेवर घेऊन फिरणाऱ्यालाच कळणार, पुरुषांना काय? आणि बायकांना वकिलीचं दार उघडणारा १९२३चा कायदा, तोही तिनेच आणला. एवढं करून १९२४ला पडली, १९२७ला पुन्हा पडली. लोकांचं काही सांगता येत नाही बाई.

काय म्हणता, नोट ओली लागतेय? अहो, ह्यांच्या पँटच्या खिशात राहिली होती. आत्ताच मशीनमधून काढली. प्लॅस्टिकची आहे, काही होत नाही. चिमटा लावा आणि त्या दोरीवर टाका तुमच्या.