खानदानी भंगार

रिसोड घ्या, मालेगाव घ्या, नाही तर मंगरुळपीर. वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही बसस्टँडमागं दोन गल्ल्या आत गेलात की एक टिनाचं शेड लागतंच. बाहेर एवढं लोखंड पसरलेलं, की लोहाराला हे भंगाराचं दुकान वाटावं आणि भंगारवाल्याला लोहाराचं. मधोमध मिस्त्री. त्यांचं खरं नाव गावात दोघांनाच ठाऊक असतं, आणि त्यातला एक पोस्टमन.

बाकीचं जग लोखंड किलोवर घेतं. मिस्त्री सोयरीक जमवल्यासारखं घेतात. तुकडा हातात पडला की पहिला प्रश्न, "कोनाचा?" म्हणजे मालक कोण, हे नव्हे. कोणत्या गाडीचा, कोणत्या भागाचा, कुठं मोडला. ट्रकच्या कमानीचा पाटा निघाला तर चेहरा खुलतो. त्या पोलादात सिलिकॉन असतं, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, म्हणून तापवून पाणी दिलं की ते कडक होतं. मिस्त्रींना कार्बनशी देणंघेणं नाही. ते तुकडा ग्राइंडरला टेकवतात आणि ठिणग्या वाचतात. लांब, साध्या रेघा निघाल्या तर लोखंड मऊ. टोकाला फाटे फुटून फुलं उमलली तर जातिवंत. "फुलं फुटली त इळा, रेघा निघाल्या त खिडकी," असा त्यांचा निकाल, आणि त्यावर अपील नाही.

घिसलेली कानस म्हणजे त्यांच्या लेखी उपवर मुलगी. तिच्यासाठी विळ्याचं स्थळ तयारच असतं. बेरिंगचं पोलाद चांगलं, पण तापट. जास्त मारलं की चिरतं. सगळ्यात बिचारी बैलगाडीच्या चाकाची धाव. लाकडी चाकावर तापवून चढवायची, गार होताना ती चाक आवळून धरायची. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि धावा बेकार झाल्या. पाणी देऊनही कडक होत नाहीत. पण मिस्त्री त्यांना फेकत नाहीत. "गरीब हाये, पन घरचं हाये," म्हणून दाराच्या कड्या करतात.

फेकत तर ते काहीच नाहीत. "कामात येते" हा त्यांचा एकमेव सिद्धांत. खाटेखाली क्लचप्लेटा, माळ्यावर पंपाचे शाफ्ट, देवघराच्या कोनाड्यात गिअरची दोन चाकं. ती कुणी हलवत नाही, कारण सासूबाई रोज त्यांना हळदकुंकू लावतात. मिस्त्रीणबाई म्हणतात, "घरात एक मीच बिनकामाची, म्हनून बाहेर झोपतो."

ऐरणीचा विषय नाजूक आहे. ती रुळाचा तुकडा आहे, हे आंधळ्यालाही कळतं. कारंजाहून जाणारी शकुंतला रेल्वे आठवते? मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. अकोला-पूर्णा मीटरगेजही २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. इतके रूळ जिल्ह्यातून आले-गेले, तर एखादा तुकडा वाट चुकणारच! पण रेल्वेच्या मालाबाबतचा कायदा १९६६ चा आहे, म्हणून आमच्याकडची प्रत्येक ऐरण १९६६ च्या आधीची असते. "आजाच्या काळची," मिस्त्री सांगतात आणि घण उचलतात. आजोबांचा धंदा शिलाईचा होता, हे गावाला माहीत असतं. कुणी बोलत नाही.

असा हा कशालाही नाही न म्हणणारा माणूस वर्षातून एकदा मात्र ठाम नाही म्हणतो. सोयाबीन कापणीला येतं, तुरीला शेंगा धरायला लागतात, रानडुकरं आणि रोही रात्रभर शेतं तुडवतात. मग कुणी तरणाताठा शेतकरी पोत्यात नळी गुंडाळून येतो.

"काका, एक ठासणीची करून द्या ना. भंगारातच होईन."

मिस्त्री नळी हातात घेतात, उलटीपालटी करतात आणि विचारतात, "हे कोनाचं?"

"बोअरचा पाइप हाये."

"पाण्याचा पाइप पाणीच सहन करते लेका. आत बारूद भरली त पहिलं डुक्कर तूच."

मग कायद्याचा तास. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ मध्येच आहे, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो. आणि परवान्याविना बंदूक बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं. डुकरं मारायची तर वनखात्याची परवानगी वेगळी. इतकी कलमं त्यांना कशी पाठ? तर भंगारात आलेल्या रद्दीत वकिलाचं पुस्तक निघालं होतं. तेही कामात आलं.

पोरगा हिरमुसला की मिस्त्रींचं मन पाघळतं. मग ते सायकलच्या रिमला पत्र्याची पाती लावतात, वारा आला की फिरायला, आणि खाली कमानीचा पाटा टांगतात. फिरताना रिमला लावलेला बोल्ट त्यावर आदळतो. यंदा असं यंत्र वाऱ्यावर उभं राहिलं. पहिल्या रात्री डुकरं पळाली. तिसऱ्या रात्री त्याच्याखाली निवांत चरली. सातव्या दिवशी शेजारच्या मळ्यातली पाच माणसं शेडवर आली, डोळे लाल, झोपेवाचून.

मिस्त्रींनी चहा सांगितला आणि पाट्याकडे बोट दाखवून अभिमानानं म्हणाले, "आवाज आयकला ना? ट्रकचा हाये तो, बाप्पा. उगाच कोनाच्याबी घरचा नाई."